जित्या माणसाची आंघोळ

कारंजाच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा बाबांनी माझी पिशवी वर ठेवली आणि हळूच म्हणाले, "कोणी इचारलं त दवाखान्यात हाओ म्हणजो." मी हो म्हटलं. दवाखाना म्हटलं की मान राहते, म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढते म्हटलं की जाते, हे मलाही ठाऊक होतं.

पुण्यात घरोघरी सेवेला बाया पुरवणाऱ्या ब्युरोनं मला अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे लावलं. ड्यूटी, डायपर, शिफ्ट हे शब्द लवकरच तोंडात बसले. आंघोळ मात्र जमेना. आजी लाजेनं डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. मग मी दरवेळी आधी सांगू लागले, "आजी, पाणी टाकते हं." एक दिवस त्यांनी डोळे उघडेच ठेवले. बारावी पास झाले तेव्हाही मला एवढं भारी वाटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मोठीआई, म्हणजे बाबांची वहिनी, वारली आणि मी आमच्या गावी, धनजला गेले. अंगणात लुगड्याचा आडोसा करून बाया तिला शेवटची आंघोळ घालत होत्या. पुण्य घ्यायला अख्खी आळी आलेली. मी तिला कुशीवर वळवलं, तर पाठभर जखमा, अंथरुणात पडून पडून झालेल्या. हिवाळाभर ती खाटेवर होती, तेव्हा यातल्या कोणीच तिला पाणी लावलं नव्हतं. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "मोठीआई, पाणी टाकते हं."

शेजारची काकू म्हणाली, "तिले का आता ऐकू येऊन राह्यलं? कुठं शिकली व हे?"

आडोशापलीकडे बाबा उभे होते. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "पुण्याले. मी जित्या माणसायले आंघोळ घालतो, काकू. दवाखान्यात नाही, लोकायच्या घरी. तेच माहं काम."

परत निघताना स्टँडवर ओळखीच्या एकानं विचारलं, पोरगी काय करते. बाबा "दवा..." म्हणाले आणि माझ्याकडे पाहून थांबले. पुढचं मीच सांगितलं. बाबांनी पिशवी वर ठेवली. अजूनही फोनवर आईच बोलते, बाबा फोन घेत नाहीत. मला ते फार लागतं. पण शब्द मागे घेणार नाही.

धनज सोडलेल्या आणि धनजमध्ये राहिलेल्या बायांनो, घर म्हणजे मला आता एवढंच कळतं: माझं उठणं-बसणं सुटेल, तेव्हा कोणीतरी मला आधी सांगून अंगावर पाणी टाकेल ती जागा. ती मला धनजमध्येच हवी आहे. आणि पाणी तापवायचं असेल, तर मी जिती असताना तापवा.