कोंढाण्याच्या खोल्यांचा फोटो

परवा दुकानात एक गिऱ्हाईक आलं. भिंतीवरचा लेण्याचा फोटो बघून म्हणालं, "कितीला पडला हो हा?"

हिशेब तसा सोपा आहे... बैलगाडीच्या खेपा, न्हाव्याकडून उसना आणलेला आणि वाटेत तडकलेला आरसा, खाजकुयलीनं सुजलेले हात, आणि अख्खा शरद ऋतू. लढाईच्या दिवसांत मिनतवारीनं मिळवलेल्या फोटोच्या काचा वेगळ्याच. पण महाग पडलं ते यातलं काहीच नाही. गिऱ्हाइकाला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी कर्जत स्टेशनावर चहा विकत मोठा झालो. घाटासाठी गाडीला मागून इंजिन जोडतात, तेवढ्या वेळात धंदा करायचा. कोण पैसे देणार आणि कोण बुडवणार, हे नुसत्या आवाजावरून कळायचं... कान तेव्हापासून तिखट. पुढे एका फिरत्या फोटोवाल्याच्या काचा धुता धुता काम शिकलो आणि भिसेगावात स्वतःची खोली घेतली.

तिथे भादव्यात मास्तर आले. रिटायर झालेले. अर्धं कर्जत त्यांच्या हाताखालून गेलेलं, मी सोडून. म्हणाले, "कोंढाण्याची लेणी काढायचीत. विद्यापीठ होतं ते."

मी म्हटलं, "मास्तर, आम्हाला शाळा झेपली नाही, तुम्ही थेट विद्यापीठात नेताय!" ते हसले नाहीत.

त्यांची एकुलती मुलगी सुमन एम.ए. करत होती. डोंगराच्या पोटात कोरलेल्या त्या खोल्यांत भिक्षू नुसते राहत नव्हते, शिकत होते, असं तिचं म्हणणं. हिवाळ्यात तिनं एकेका खोलीच्या दारावर खडूनं आकडा घातला होता, आणि शेजारी दोन शब्द. खडू अशासाठी, की दगडाला इजा नको. उन्हाळ्यात तापाच्या साथीत ती गेली... साथीच्या भीतीनं तिचं अंथरूण, कपडे, वह्या, घरच्यांनी सगळं जाळलं.

"तिच्या हातचं आता तेवढंच उरलंय," मास्तर म्हणाले. "अक्षर आलं पाहिजे."

"अक्षर काय घेऊन बसलात मास्तर? माझ्या फोटोत खडूचा कण न् कण मोजून घ्या!" मी छाती काढून बोललो.

पहिल्या खेपेला लेण्याच्या तोंडावर पाण्याचा पडदा होता. त्यातून भिजत आत गेलो. मास्तरांनी कंदील वर धरून अक्षर दाखवलं. बोट लावलं नाही... नुसतं हवेत त्यावरून फिरवलं.

पण आत मिट्ट काळोख. उजेडाचा भडका उडवायची पावडर लढाईमुळे मिळेना. उपाय एकच, बाहेरचं ऊन आरशानं आत फेकायचं. त्याला आभाळ मोकळं हवं. म्हणून आधी बाहेरचे फोटो घेतले... पाण्याचा पडदा, मग आश्विनात कमरेएवढं गवत आणि कड्यावर पिवळीधमक सोनकी.

प्रत्येक खेपेला पायथ्याशी कोंदिवड्यात पारूबाईकडे थांबायचो. सुमन तिच्याकडेच भाकरी खायची. पारू मला सोडायची नाही. "काय रं फोटूवाल्या, ह्या खेपंलाबी काळोखच भरून नेतोस का काय?"

"ऊन पडू दे गं," मी म्हणायचो. "दिवाळीच्या तोंडावर सुमनताईच्या खोल्यांचा फोटो काढतोच बघ."

आणि ऊन पडलं. आभाळ धुतल्यासारखं. एक आरसा बाहेर दगडाला टेकवला, दुसरा आत घेऊन निघालो... आणि दारातच वास आला. शेणाचा आणि ताज्या चुन्याचा.

खाली सारवण, भिंतींना पांढरा हात, चौकटी कशा लख्ख. पारू कोपरापर्यंत चुन्यात. दिवाळीला घर रंगवतात तसं गावातल्या बायकांनी अख्खं लेणं रंगवलं होतं.

"मास्तर, ताईच्या कालिजाचा फोटू निघायचा, आनि भिती अशा भुंड्या दिसायच्या व्हय? आमी समद्या जनी आलो. दारांवर कुना पोरांनी खडूनं गिरगटा केलता, त्यो आदी घासून काडला... मंग चुना."

मी मास्तरांकडे बघायचं धाडस केलं नाही. आवाज तेवढा ऐकला. "छान केलंस गं पारू. तिला फार आवडलं असतं."

पारू मनगटानं डोळे पुसायला लागली. तिला आजही कुणी काही सांगितलेलं नाही, आणि वाचता येत नाही म्हणूनच मी हे लिहू धजलो.

कॅमेरा लावला तसे मास्तर म्हणाले, "मला एकदा बघू द्या." काळ्या कापडाखाली शिरले ते बाहेर येईनात. मला ऐकू येत होतं... ते एकेक दार म्हणत होते. आकडा, आणि पुढे तिचे दोन शब्द. कोपऱ्यातल्या दारापाशी अडले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच अडले.

ऊन सरकत होतं. मी आरसा वळवत राहिलो.

शेवटी बाहेर आले, तोंड पुसलं आणि पारूला म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या दाराशी उभी राहतेस?" ती पदर सारखा करून उभी राहिली. मी फोटो घेतला.

इतका स्वच्छ फोटो मी पुन्हा काढला नाही. सारवणावर उठलेली बोटं दिसतात, पारूच्या नखांतला चुनासुद्धा दिसतो. दारांवर काहीच नाही.