खोडलेला शब्द

सातपूरमधला आमचा कारखाना बंद झाला, तो सोमवार होता. घराचा एकही हप्ता तोवर चुकला नव्हता. पुढचा मात्र भरता येणार नव्हता. मी म्हणालो, नोटीस आली की बघू. "अहो, नोटीस काय पाहुणी आहे, वाट बघायला?" असं म्हणून बायको मला बँकेत घेऊन गेली. तिथे गोंदाचा आंबूस वास होता. साहेब फाईल चाळून म्हणाले, "बाई, तुमचा हप्ता चुकलेलाच नाही. तीन चुकले की या, मग मुदत वाढवता येते." "म्हणजे आम्ही आधी बुडायचं, मग तुम्ही हात देणार?" साहेबांनी छापील अर्ज पुढे सरकवला. वर 'थकबाकीदाराचे नाव' असं होतं. तिने माझं पेन घेऊन तो पहिला शब्द खोडला आणि 'कर्जदाराचे' लिहिलं. "खाडाखोड चालत नाही," साहेब म्हणाले. "मग खोटं चालतं का?" ती खुर्चीवरून हललीच नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी त्या खाडाखोडीशेजारी सही केली आणि आमची मुदत वाढली. परवा तिचं कपाट आवरताना त्या अर्जाची प्रत सापडली. बायको आता नाही. घर आहे.