विमानपट्टीचं गेट

भाऊसाहेबानं दोरखंड माझ्या तोंडावर फेकला. जाड, ओला दोरखंड. सटकन गालावर बसला.

"बांध त्या गाईच्या पायाला. तुमच्या बापजाद्यांचं काम हाय ते."

धावपट्टीच्या मधोमध एक भाकड गाय मरून पडली होती. पोट फुगलेलं, पाय ताठ. वर मालकाचं छोटं विमान घिरट्या घालत होतं. गाईजवळ ट्रॅक्टर उभा होता, इंजिन चालू. ओढायला ट्रॅक्टर होता, बघायला माणसं होती. मेलेल्या जनावराच्या पायाला गाठ मारायला मात्र कुणाचा हात पुढं येईना. पट्टीवर माझ्यासोबत गवत कापणारी गावातली पोरं. कालपर्यंत माझ्याकडून बिडी मागून ओढत होती. आता तोंडं फिरवून उभी. गाठ मारायची तर ती मीच मारायची, हे त्यांनी न बोलता ठरवलं होतं.

आणि वस्तीकडच्या गेटापलीकडं जीप उभी होती. जीपमध्ये माझी बहीण सुमी. पहिलटकरीण. पहाटेपासून अडलेली. शेजारी आई. गेटाला कुलूप, आणि किल्ली भाऊसाहेबाच्या खिशात. मी कामावर होतो म्हणून किल्ली मागायला मीच धावत आलो होतो, आणि किल्लीऐवजी मला दोरखंड मिळाला.

ही पट्टी कुणाची, ते आधी सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात सुप्याजवळच्या या माळावर सरकारी काम निघालं. आमच्या वस्तीनं इथं खडी फोडली. आईच्या डाव्या डोळ्यात खडीची कपची उडाली, त्या डोळ्यानं तिला अजून नीट दिसत नाही. पुढं वर्षानुवर्षं पट्टी तशीच पडून होती. आमची बैलगाडीची वाट तिच्यावरून जायची. कधी पिकांवर औषध फवारणारं विमान उतरायचं, कधी सरकारी डॉक्टर यायचे, आम्ही शेरडं बाजूला घ्यायचो. नव्वदनंतर सरकारला सगळंच खाजगी करायचा झटका आला, आणि सुप्यात कारखाना काढलेल्या एका शेठला ही पट्टी भाडेपट्ट्यानं मिळाली. आयत्या बिळावर नागोबा. त्यानं चारी बाजूंनी तार ओढली. दुसऱ्या कुणाचं विमान उतरायचं तर तो म्हणेल ते भाडं. फवारणीवाले यायचे बंद झाले, डॉक्टर यायचे बंद झाले. जवळपास दुसरी पट्टी नाही, मग तक्रार कुणाकडं करणार? सडकेकडचं गेट शेठच्या मोटारींसाठी सताड उघडं. वस्तीकडचं कुलपात. ओढ्यातून दुसरी वाट आहे, पण भादव्यात ओढा छातीला लागतो.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "आधी गेट उघडा. बहीण अडलीय माझी."

"विमान उतरल्याबिगर गेट उघडायचं न्हाई. हुकूम हाय."

"गाय मधी पडलीय तवर इमान उतरतंय कसं? जीप जाऊ द्या की तवर."

त्यानं खाडकन माझ्या मुस्काटात मारली. बरोबर बोललो होतो, म्हणून मारली.

"मला शिकवतो व्हय रं? आधी गाठ मार. मग गेट."

हा भाऊसाहेब आमच्या गावच्या पाटलाचा पुतण्या. शेठनं त्याला मॅनेजर केलं होतं. शेठला माझी जात ठाऊकही नसेल. पण शेठच्या कुलपाची किल्ली ज्याच्या हातात होती, त्याला माझी जात पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती.

माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा अख्ख्या वस्तीनं मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. गावानं त्यासाठी आम्हाला पिठाची गिरणी बंद केली, विहीर बंद केली. आज्याला चावडीपुढं झोडपलं. आज्यानं मार खाल्ला, पण मेलेल्या जनावराला परत हात लावला नाही. आणि मी? मी दोरखंड उचलला. खरं सांगतो, उचलला. सुमीचं ओरडणं माझ्या कानात घुसत होतं. मी गाईकडं वाकलो. वास नाकात शिरला.

तेवढ्यात गेटापलीकडून आवाज आला. जीपच्या फाळक्याला धरून सुमी अर्धी उभी राहिली होती. केस तोंडावर, लुगडं रक्तानं भिजलेलं.

"दादा! हात लावू नगं त्याला! मी मेले तरी लावू नगं!"

डोक्यात काहीतरी तुटलं. मी सरळ झालो. दोरखंड खांद्यावर टाकला, ट्रॅक्टरवर चढलो आणि गेटाकडं सोडला. मागून शिव्या, मागून पळणारे पाय. मी गेटाच्या कुलपापाशी दोरखंड गुंडाळला, दुसरं टोक ट्रॅक्टरला अडकवलं. गाठ मारली. आज्यापासून कुणी न मारलेली गाठ मी त्या शेठच्या लोखंडाला मारली. गिअर टाकला. खांब वाकला, कर्रर्र आवाज झाला, आणि गेट खांबासकट उपटून आलं.

"हाण गाडी!" मी ड्रायव्हरला ओरडलो.

जीप पट्टीवरून उधळली, गाईला वळसा घालून सडकेला लागली. मग त्यांनी मला धरलं. तारेच्या लोखंडी खुंट्यांनी मारलं. दोन बरगड्या मोडल्या, पुढचा दात गेला. मीही भाऊसाहेबाचं नाक फोडलं. रक्त त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं, आणि मला बरं वाटलं. वर विमान दोनदा फिरलं आणि पुण्याकडं निघून गेलं. एवढ्यासाठी सगळं.

सुमी वाचली. मुलगी झाली होती. मेलेली.

माझ्यावर केस झाली: मालमत्तेचं नुकसान, मारहाण. माझ्या बरगड्यांची केस कुणी घेतली नाही. महिन्याभरानं चावडीवर बैठक बसली. भाऊसाहेब म्हणाला, "चारचौघांत माफी माग. केस मागं घेतो. गेटबी उघडू तुमाला, सकाळ-संध्याकाळ."

वस्तीतले म्हातारे माझ्याकडं बघत होते. घे बाबा माफी मागून, असं त्यांचे डोळे म्हणत होते. सुमी भिंतीला टेकून बसली होती. तिची छाती अजून दुधानं दुखत होती.

"माफी न्हाई," मी म्हणालो. "आन् गेट तुमी उघडायचं न्हाई. ते तिथं नगंच."

"तुरुंगात सडशील."

"सडंन."

त्यांनी नवं गेट बसवलंय. आधीपेक्षा जाड. कोर्टाच्या तारखेला मी त्याच पट्टीवरून जातो, दिवसाउजेडी, तार वाकवून. पहिल्यांदा एकटा गेलो. नंतर सुमी आली. आता वस्तीतल्या बाया येतात, हातात पहारी घेऊन. वॉचमन शिट्टी फुंकतो, आम्ही थांबत नाही. विमान आलं तर येऊ द्या. ते गेट आम्ही पुन्हा उपटणार आहोत, आणि या वेळी कुणाला बाळंतपणाची कळ यायची वाट बघणार नाही.