कडुनिंबाला बांधलेला अँटेना

चेरीतालच्या विनता देवपुजारी यांची दृष्टी चाळिशीतच गेली. शाळेची नोकरी सुटली, बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात एकटीनं जाणंही सुटलं. त्याच काळात त्या हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचं बिनतारी संभाषण, शिकल्या, परीक्षा देऊन परवाना मिळवला. तेव्हापासून रविवारी सकाळी नागपूरच्या हॅम मैत्रिणीशी, गीतांजलीशी, रेडिओवर गप्पा ठरलेल्या. फोन घरात होताच. पण रेडिओवर त्या कुणाचा हात न धरता गावाबाहेर पडत.

गेल्या हिवाळ्यात गीतांजलीचा आवाज खरखरीत बुडाला. विचारलं तर ती फोनवर म्हणाली, "रेडिओवर तू तर मला छान ऐकू येतेस!" विनताताईंनी ट्यूनर मागवला. आवाज जरासा वाढला, खरखरही तेवढीच वाढली. आता कानही चालले, या विचारानं त्या घाबरल्या.

लष्करात सिग्नलचं काम केलेले अंबादास हे त्यांच्या ओळखीचे हॅम. ते आले, ऐकलं.

"ताई, काहून घाबरून राहिल्या? कान ठीक आहेत. ट्यूनर रेडिओचा अन् अँटेनाचा मेळ बसवतो. अँटेनाच गोंगाट पकडून राहिला, तर ट्यूनर तो कसा गाळणार? इथं जवळच काहीतरी आहे."

शेजारच्या प्रतीकच्या छपरावर नवं सोलर बसलं होतं. खरखर त्याचीच का, हे विचारलं तर तक्रार वाटेल म्हणून विनताताई कचरत होत्या. अंबादासनीच त्याला मिनिटभर सोलरचा इन्व्हर्टर बंद करायला सांगितलं. खरखर एकदम खाली बसली.

"काकू, आधी सांगायचं ना!" प्रतीक म्हणाला. "सोलर तर रोज लागेल. पण तुमच्या मागच्या अंगणात कडुनिंब आहे, इन्व्हर्टरपासून दूर. चलो, अँटेनाची तार तिथं नेऊ."

शिडी त्यानंच लावली. अंबादासनी तार मापानं कापली, एक टोक झाडाला, दुसरं अंगणातल्या खांबाला बांधलं, मधून केबल घरात आणली.

रविवारी विनताताईंनी बटण फिरवलं. गीतांजली समोर बसल्यासारखी बोलली, "आली का गं?"

विनताताईंनी माईक जवळ ओढला. मग म्हणाल्या, "आले. आधी दोघांची नावं ऐक, मग बाकीचं बोलू." त्यांनी अंबादास आणि प्रतीक यांची नावं सावकाश, नीट उच्चारून सांगितली. दारात उभा प्रतीक लाजून हसला आणि चहाला थांबला.