विहिणीची भाषा

आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात सुलेखा पारसनीसला सगळे ओळखतात ते तिच्या बोलण्यामुळे. दातांच्या एका दवाखान्यात ती कितीतरी वर्षं रिसेप्शनवर होती. घाबरलेला पेशंट फोनवर तिच्याशी दोन वाक्यं बोलला की निम्मा बरा व्हायचा. अशा बाईवर मागच्या हिवाळ्यात मुकं बसायची वेळ आली.

तिची मुलगी वैदेही ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत रिसर्च करते. जावई वेन चिनी, तोही तिथेच. जानेवारीत त्यांना मुलगी झाली. बाळंतपणाला सुलेखा गेली, आणि चीनमधल्या थाययुआन शहराहून वेनची आईही आली. लिऊबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता, सुलेखाला चिनीचा. मुलांनी फोनवर भाषांतराचं ॲप घालून दिलं. पण एकीचे हात कणकेत आणि दुसरीचे साबणात असताना ते उघडायचं कुणी?

"मला शब्द शिकव," सुलेखाने जावयाला सांगितलं. "व्याकरण नको, रोजचे शब्द."

पहिलाच शब्द तिला आवडला तो 'छिंग्ज्यामू', म्हणजे विहीण. इंग्रजीत या नात्याला धड शब्द नाही, आणि इथे तो तयार होता! मग 'शिनखू' आला. कुणी आपल्यासाठी राबलं की त्याला हे म्हणायचं.

"पण ते नुसतं थँक यू नाही, आई," वेन इंग्रजीतून समजावू लागला. "शिन म्हणजे तिखट, खू म्हणजे कडू. आमच्याकडे कष्ट काढणं म्हणजे कडू खाणं."

"त्यात नवीन काय? आम्ही मार खातो, बोलणी खातो, शपथसुद्धा खातो," सुलेखा म्हणाली. वैदेहीने हे सगळं इंग्रजीत करून सांगितलं, तेव्हा वेन पोट धरून हसला.

सगळंच असं गोडीगुलाबीने चाललं होतं असं नाही. बाळ सुलेखाच्या मांडीवर पटकन झोपायचं, तिच्या आवाजामुळे असेल. एका दुपारी सगळे जेवायला बसलेले, बाळ तिच्याच खांद्यावर, आणि लिऊबाई मुलाला हळूच काहीतरी म्हणाल्या. त्यातला 'त्सू' सुलेखाने बरोबर पकडला. त्सू म्हणजे व्हिनेगर. ते काळं व्हिनेगर लिऊबाईंना प्रत्येक घासाला लागायचं. सुलेखा उठली आणि बाटली आणून मोठ्या प्रेमाने विहिणीपुढे ठेवली.

वेनचे कान लाल झाले. "आई, शी इज नॉट आस्किंग फॉर व्हिनेगर."

"मग काय म्हणाल्या?"

त्याने आईकडे एकदा पाहिलं. शेवटी म्हणाला, "आमच्याकडे कुणाचा हेवा वाटला, जेलस झालं, की व्हिनेगर खाल्लं म्हणतात. ती म्हणाली, मी रोज व्हिनेगर खातेय."

सुलेखाने बाटली उचलून कडेला ठेवली. मग तिने बाळ लिऊबाईंच्या मांडीवर दिलं आणि वेनला म्हणाली, "त्यांना सांग, मीही तेच खातेय. माझी मुलगी त्यांचं सूप दोन-दोन वाट्या पिते, आणि माझे डिंकाचे लाडू डब्यात तसेच पडलेत."

वेनने सांगितलं. लिऊबाई इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. संध्याकाळी त्यांनी स्वतः डबा उघडून वैदेहीच्या हातात लाडू ठेवला.

पण सुलेखा खरी हरखली ती पुढच्या आठवड्यात. दिवसभर बर्फ पडत होता. लिऊबाई सकाळपासून ओट्याशी उभ्या होत्या. खुर्चीत बसून त्या पोटऱ्या चोळू लागल्या आणि म्हणाल्या, "स्वान." वैदेहीने ॲप शोधायला फोन उचलला.

"स्वान म्हणजे आंबट ना?" सुलेखाने विचारलं.

"हो, पण पाय आंबट कसे असतील? वेट, आई, मी चेक करते."

"अगं, चेक काय करायचंय! पाय आंबलेत त्यांचे!" सुलेखा ओरडलीच. "आपण नाही म्हणत, अंग आंबलंय?"

तिने तेल कोमट करून आणलं आणि नको नको म्हणणाऱ्या विहिणीच्या पोटऱ्यांना लावलं. लिऊबाई म्हणाल्या, "शिनखू." मला फोनवर हे सांगताना सुलेखाचा आवाज चढला होता. "कुठे चीन, कुठे आपण! पण दमल्यावर दोघींचे पाय आंबतातच ना? मी ती भाषा शिकणार."

आणि शिकली. मार्चमधल्या बारशाला आम्ही नेपरव्हिलहून गाडी घेऊन गेलो होतो. हॉल भरलेला, निम्मे पाहुणे मराठी, निम्मे चिनी. दोन्ही आज्यांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं, आन्या. मग सुलेखा माइकपाशी गेली आणि चिनीत बोलू लागली. त्या भाषेत सूर चुकला की शब्दच बदलतो. एका ठिकाणी तिचा चुकला, मागे बसलेल्या मुली खुदकन हसल्या. ती थांबली, तोच शब्द पुन्हा म्हणाली, पुन्हा चुकली, आणि तिसऱ्यांदा बरोबर म्हणाली. त्याच मुलींनी टाळ्या वाजवल्या. ती काय बोलली ते वैदेहीने नंतर आम्हाला सांगितलं: "माझ्या छिंग्ज्यामू एवढ्या लांबून आल्या, माझ्या लेकीसाठी त्यांनी तिखट-कडू सोसलं. माझ्या नातीला दोन घरं आहेत."

लिऊबाई ताडकन उठल्या, सुलेखाचा हात धरून सगळ्यांना मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. वेन हसत म्हणाला, "माझी आई म्हणते, विहिणीचं पित्ताशय मोठं आहे."

आमच्यातले डॉक्टर रवीकाका दचकून खुर्चीत सरळ बसले.

"धाडसी आहे, असं," वेनने घाईने सांगितलं. "आमच्याकडे धाडस पित्ताशयात असतं."

"आमच्याकडे छातीत असतं," सुलेखा म्हणाली. "पित्त नुसतं खवळतं."

लिऊबाई आता थाययुआनला परत गेल्यात. दर शनिवारी दोघी व्हिडिओ कॉलवर बोलतात, मध्ये ना ॲप, ना मुलं. सुलेखा नेपरव्हिलमध्ये चिनीच्या क्लासला जाते. तिच्या वर्गात बाकी सगळी शाळकरी पोरं आहेत, आणि ती तिला चुका दाखवतात. परवा मंडळाच्या पिकनिकला वैदेही आन्याला घेऊन आली होती. मंडळात नव्याने आलेल्या कुणीतरी सुलेखाची ओळख विचारली. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी वैदेही मराठीतच म्हणाली, "ही माझी आई. तिला चिनी येतं."

तिच्या आवाजातला तोरा मी ऐकला. खरं सांगायचं तर, मैत्रीण म्हणून माझीही मान तेवढीच ताठ झाली.