सहीशिवाय बसवलेली रिंग

विमानाचे भाग दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं काढली. शाळा सातवीपर्यंत. माझं टेबल ऑक्सिजनचं. विमानातल्या सिलिंडरचे रेग्युलेटर उघडायचे, रबरी रिंग बदलायची, पुन्हा बंद करायचे. रिंग पुस्तकात लिहिलेल्या नंबरचीच हवी. मापाला तशीच, दिसायला तशीच असली तरी चालत नाही. आणि आपण केलेलं काम आपण पास करायचं नाही. दुसरा माणूस तपासणार, सही करणार, तोवर तो भाग कपाटात कुलपाखाली. आमची ही मला चिडवायची, "घरातल्या नळाचा वॉशर बदलायलाही तुम्हाला साहेबाची सही लागते!"

हिची फुप्फुसं खराब झाली तेव्हा घरी ऑक्सिजन आला. ब्रह्मा घाटाच्या आमच्या गल्लीत गाडी येत नाही, सिलिंडर माणसानं खांद्यावर आणला. एका दुपारी रेग्युलेटरच्या जोडाशी सूं सूं सुरू झालं. रामनगरच्या सिलिंडरवाल्याला फोन केला. उद्या बघतो म्हणाला. ही धापा टाकत होती. मी चौकातल्या पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्याकडून त्याच मापाची रिंग आणली आणि बसवली. आवाज थांबला. साबणाचं पाणी लावून बघायला हवं होतं, गळत असेल तर बुडबुडा येतो. दुसऱ्या कुणाला दाखवायला हवं होतं. नाही केलं. हिचा डोळा लागला होता, मला तेवढंच दिसलं.

चौथ्या दिवशी ही गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसंच संपली होती.

सिलिंडरवाला सगळं सामान घेऊन गेला. तेराव्यानंतर, भर दुपारी, हिच्या रिकाम्या खोलीत मला तो आवाज आला. सूं. थांबायचा. पुन्हा सूं. पंखा बंद केला. गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला. आवाज होताच, हिच्या उशाच्या भिंतीशी. मी वाटीत साबण कालवला आणि ब्रशनं भिंतीला लावला, कारखान्यात जोडाला लावायचो तसा. फेस खाली ओघळून गेला. एक बुडबुडा राहिला. तो फुगायचा, बसायचा, फुगायचा. फुटत नव्हता. ही शेवटी शेवटी श्वास घ्यायची, त्याच चालीनं.

सून दारात आली. "बाबा, हे काय करताय?"

"इकडे ये. काय दिसतं सांग."

तिनं वाकून पाहिलं. "साबण दिसतोय. आणखी काही नाही." मग ओढणी आवळून हळूच म्हणाली, "पण हा आवाज कुठून येतोय?"

मला एकट्याला ऐकू आला असता तर कान खराब झाले म्हणून गप्प बसलो असतो. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, ती रिंग कुठेतरी अजून लावलेली आहे. कुणाच्या तरी श्वासाला.

तसाच नदीवरचा पूल ओलांडून रामनगरला गेलो. सिलिंडरवाला चहा पीत बसला होता. आमच्याकडचा रेग्युलेटर कुठे आहे, विचारलं.

"चाचा, वो तो दूसरे घर में लग गया. बढ़िया चल रहा है."

चालतंय म्हणजे पास झालं असं नव्हे, मी म्हटलं. कंपनीचं सील असलेला दुसरा रेग्युलेटर घे आणि चल.

"अरे चाचा, खटिया है, हवाई जहाज थोड़े है. उड़ेगी नहीं."

"खटियेवरूनच गेली माझी."

मग तो उठला.

दोन गल्ल्या पलीकडे ते घर. खाटेवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आम्ही दारातच होतो, कुणी बोललंही नव्हतं.

"आ गए?" ती न वळताच म्हणाली. "परसों से बुला रही हूँ."

तिची मुलगी गोंधळली. आईनं कुणालाही बोलावलं नव्हतं म्हणाली. रेग्युलेटर मात्र परवाच आला होता.

मी जोडाला साबणाचं पाणी लावलं. सगळे बघत राहिलो. एकही बुडबुडा आला नाही.

"देखा?" सिलिंडरवाला हसला.

"तरी काढ."

नवा रेग्युलेटर त्यानंच बसवला, मी हात लावला नाही. मी साबण लावून बघितला, मग मुलीलाही जवळ बोलावून बघायला लावलं. जुन्यातली रिंग बायकोसाठी मीच बसवली होती, ती गेली, एवढं मुलीला सांगितलं. ती रिंग काढून हातात घेतली आणि ब्लेडनं तिचे दोन तुकडे केले. बाद झालेला भाग असाच तोडायचा असतो, पुन्हा कुणी लावू नये म्हणून.

मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. "बाबूजी, माताजी इसी से गईं क्या?"

"माहीत नाही," माझ्या तोंडून मराठीच निघालं. "आज गळत नव्हती. त्या दिवशी कुणी बघितलंच नाही."