नोंदणी कार्यालयातला फोटो

फोटोची पाळी आली तेव्हा फ्लॅट विकणाऱ्या काकूंनी पदर सारखा केला, टिकली बोटाने चाचपली आणि त्या टेबलावरच्या छोट्या कॅमेऱ्याकडे बघून छान हसल्या. नोंदणी कार्यालयात असं कुणी हसत नाही. तिथे माणूस अंगठा देतो, सही करतो आणि उठतो.

मग त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. किल्लीला कुंकू लावलेलं होतं.

"राहायला कधी येताय? गॅलरीत मोगरा ठेवलाय तुमच्यासाठी. पाणी घालायला तेवढं विसरू नका."

राहायला! मी तो फ्लॅट पाहिला होता तो भाडं किती येईल आणि त्यात हप्ता सुटेल का, एवढ्यापुरता. बँकेच्या अर्जात 'स्वतः राहण्यासाठी' की 'गुंतवणूक' असं विचारलं होतं, तेव्हा मी बेधडक गुंतवणुकीपुढे खूण केली होती. त्यात गैर काहीच नव्हतं. मुद्रांक शुल्क भरलं होतं, कुणाला फसवलं नव्हतं. पण बँकेला बिनदिक्कत सांगितलेली गोष्ट या बाईंना सांगता येईना. घर विकणारा माणूस मनातल्या मनात त्या घरासाठी माणसं शोधत असतो, आणि तसा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

"दिवाळीला येऊ," मी म्हणालो.

"बरं झालं हो. पहिली पणती मोगऱ्यापाशी लावा."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी किल्ली मुठीत धरून कॅमेऱ्यासमोर बसलो.

"साहेब, वर बघा," ऑपरेटर म्हणाला. "चेहरा येत नाहीये."